पटावरची प्राची

दर्शना भोईर खोटं बोलणारी बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे ती जे बोलली ते ऐकून तुमचं मत निराळंच व्हायचं. बावीस वर्षं तिने पालिकेच्या शाळेत काढली, पण न आलेल्या पोराच्या नावापुढे कधी हजेरी मांडली नाही, की साहेबाला खूश करायला एखादा कागद रंगवला नाही. कोलशेत गावातच तिचा जन्म. बाप गुणाजी खाडीत मासळी होती तोवर होडी घेऊन जायचा, मासळी संपली तसा कंपनीच्या गेटवर वॉचमन झाला. ती शिकली ती याच शाळेत, आणि आता बाई म्हणून उभी राहायची तीही त्याच खोलीत. तेव्हा शाळेत चार इयत्ता होत्या आणि पोरं व्हरांड्यात मावत नव्हती. आता एक खोली उरली होती. तीत पहिली आणि दुसरी मांडीला मांडी लावून बसायची, आणि बाई, मुख्याध्यापक, कारकून सगळं दर्शनाच.

शाळा आटली त्याला कारण काय, तर गावातली पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जायला लागली. कुणाला नावं ठेवायची? दर्शनाचा स्वतःचा मुलगा विनीतसुद्धा त्याच बसमधून गेला. शाळेत खिचडी वाढणारी शांताबाई तोंडाची फटकळ. ती एकदा सगळ्यांदेखत म्हणालीच, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. खरंच होतं ते. मग शाळेत उरली कोण, तर घोडबंदर रोडपर्यंत जे टॉवर उठत होते, ते टॉवर बांधणाऱ्यांची पोरं. परभणीची, हिंगोलीची, पत्र्याच्या खोल्यांत राहणारी. टॉवर पुरा झाला की मुकादम टेम्पो आणतो, भांडीकुंडी भरतो आणि माणसं पुढच्या साइटवर नेऊन टाकतो. काल बाकावर बसलेलं पोर आज नसतं.

अशा वर्गाला शिकवणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. पण दर्शना हट्टी. दर सोमवारी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखायची आणि आठवड्याचा बेत लिहायची. सोमवारी जोडाक्षरं. मंगळवारी आइस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून दशक-एकक. बुधवारी घरून एकेक पालेभाजी आणा, वास घेऊन ओळखा. गुरुवारी पानांचे ठसे. पहिलीतल्या पोरांना वाचता येत नसे, ती दुसरीतल्यांना कोपरानं ढोसून विचारायची की उद्या काय आहे. ज्यांना परवा आपण कुठे असू हे ठाऊक नाही, त्या पोरांना उद्याचं काहीतरी धरून ठेवायला द्यायचं, एवढाच त्यामागचा विचार. त्या आठवड्यात शनिवारपुढे लिहिलं होतं, आईबाबांसमोर वाचन.

आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी पटपडताळणी होती. वरून तोंडी निरोप आलेला, लेखी कोण देतो. साहेब येणार, डोकी मोजणार, वीसच्या खाली एक जरी आलं तरी वर्ग बंद. मुलं घोडबंदर रोडच्या पलीकडच्या शाळेत. रस्ता तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो, मोठ्या माणसानं ओलांडताना देवाचं नाव घ्यावं असा. मधे मेट्रोचे खांब, दोन्ही अंगांनी डंपर, आणि कडेच्या रस्त्यावर उलटे येणारे मोटारसायकलवाले. सहा वर्षांचं पोर हे ओलांडणार कसं? आईबाप सकाळी सातला कामावर चढलेले, सोडायला कोण येणार? दर्शनाला ठाऊक होतं, पोरं त्या शाळेत जाणारच नाहीत. वर्ग बंद याचा अर्थ त्यांची शाळा सुटली, एवढाच होता.

मागच्या आठवड्यात एक टॉवर पुरा झाला आणि पाच पोरं गेली. पाचही दाखले दर्शनाने त्याच दिवशी लिहून, शिक्का मारून हातात दिले. पट पंचविसावरून विसावर आला. बरोब्बर वीस. ती रोज सकाळी दारात उभी राहून मोजायची, आणि विसावं डोकं आत आलं की मगच प्रार्थना सुरू करायची. तिला झोप लागेना, जेवण गोड लागेना. नवरा सुधीर म्हणाला की अगं तुझी नोकरी कुठे जातेय, दुसरीकडे टाकतील. ती त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मंगळवारी खिचडीच्या सुट्टीत केशरबाई आली. केशरबाई म्हणजे दुसरीतल्या प्राचीची आई, डोक्यावरून विटा वाहणारी, परभणीकडची. हातापायाला सिमेंट तसंच. दारातच उभी राहिली, बाकावर बसायला तयार नाही. तिचा नवरा मारुती सळया बांधायच्या कामावर होता, त्याला मुकादमानं डोंबिवलीच्या पलीकडे, कल्याण-शीळ रस्त्यावरच्या साइटवर बोलावलं होतं. गुरुवारी टेम्पो निघणार होता.

"बाई, तेवढा कागद द्या," केशरबाई म्हणाली. "कागद नसला की लेकराला पुन्हा पहिलीतच बसवतेत. तीनदा बसलीया ती पहिलीत."

हे दर्शनाला नवीन नव्हतं. प्राची तिच्याकडे आली तेव्हा सात वर्षांची होती आणि पहिलीचा पहिला धडा डोळे मिटून म्हणायची. गावच्या शाळेत तोच धडा, पनवेलच्या साइटवर तोच, भिवंडीला तोच. चौथ्या धड्यापुढे पुस्तक तिनं पाहिलंच नव्हतं. दर्शनाने सहा महिने तिला मांडीशी घेऊन बसवलं, मागच्या शाळांना पाच-पन्नास फोन करून तिची जुनी नोंद शोधून काढली आणि जूनमध्ये दुसरीत घातलं. आता ती दुसरीच्या अकराव्या धड्यावर होती. शनिवारच्या वाचनासाठी तिनं तोच धडा मागून घेतला होता, आणि आईला धाक घातला होता की त्या दिवशी कामावर जायचं नाही.

कागद लिहायला दहा मिनिटं लागतात. शिक्का दर्शनाच्या ड्रॉवरमध्ये होता, किल्ली तिच्या कमरेला. पण कागद दिला की पट एकोणीस. तिनं केशरबाईकडे पाहिलं, मागे खिचडीच्या ताटल्या चाटूनपुसून साफ करणाऱ्या पोरांकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं की शिक्का वरच्या ऑफिसला गेलाय, सोमवारी या.

केशरबाईनं मान डोलावली. अविश्वास दाखवला असता, आवाज चढवला असता, तरी दर्शनाला बरं वाटलं असतं. ती बिचारी उलट म्हणाली की बाई, तुम्ही म्हणता तर तसंच असंल. बुधवारी ती पुन्हा आली, शिक्का आला का विचारायला. पुन्हा नाही. गुरुवारी सकाळी प्राची बाकावर नव्हती. तिची पाटी मात्र खुंटीला तशीच लटकत होती, कारण त्या येड्या पोरीनं सूरजला सांगून ठेवलं होतं की मी शनिवारी वाचायला येणार आहे.

सूरज हे पहिलीतलं एवढंसं पोर, पण वर्गात कोण कुठे गेलं याची बित्तंबातमी त्याच्याकडे. प्रार्थना व्हायच्या आत त्यानं जाहीर केलं की प्राची टेम्पोत वर गाद्यांवर बसून गेली. दाखला न देऊन नाव पटावर राहिलं खरं, पण साहेब डोकी मोजणार. नाव पटावर आणि डोकं कल्याण-शीळ रस्त्यावर, याचं करायचं काय? शांताबाई म्हणाली की माझ्या नातीला बसव, इंग्रजी शाळेत एक दिवस नाय गेली तर काय आभाळ कोसळत नाय. ते दर्शनाला जमेना. म्हणजे बघा, दुसऱ्याचं पोर उसनं आणायला तिचं मन धजावलं नाही, आणि पुढे जे तिनं केलं ते त्याहून वाईट होतं.

शुक्रवारी पहिल्या तासाला तिनं फळ्यावर काही लिहिलं नाही. एकोणीस पोरं समोर बसवली आणि सांगितलं की आज एक साहेब येतील, ते विचारतील की प्राची कुठे आहे. मग सगळ्यांनी काय म्हणायचं? प्राचीचं पोट दुखत होतं, ती आत्ताच घरी गेली. पाढे म्हणून घ्यावेत तसं तिनं ते म्हणून घेतलं. आधी दुसरीकडून, मग पहिलीकडून, मग सगळ्यांकडून एका सुरात. ज्या पोरांना जोडाक्षर बसायला तीन आठवडे लागले, त्यांना खोटं बोलणं दुसऱ्या खेपेला पाठ झालं. दुसरीतल्या एकट्या समीक्षानं हात वर केला. ती म्हणाली की बाई, पण ती तर गेली ना. दर्शनाने तिला खाली बस म्हटलं. तसा आवाज तिनं त्या वर्गात कधी काढला नव्हता, आणि पोर घाबरून बसली. मग दर्शनाने हजेरीपट उघडला आणि प्राची मारुती या नावापुढे हजेरीचा 'ह' मांडला. अक्षर नेहमीसारखंच सुंदर आलं.

साहेब अकराला आले. चांगला माणूस होता, घाईत होता, त्याला आणखी चार शाळा करायच्या होत्या. डोकी मोजली, एकोणीस झाली. पट पाहिला, वीस. त्यानं मान वर केली आणि विचारलं की एक कोण कमी आहे. एकोणीस तोंडांनी एका दमात सांगून टाकलं. साहेबाला हसू आलं. मुलं चुणचुणीत आहेत म्हणाला, चहा नको म्हणाला, आणि विसाच्या आकड्याखाली सही ठोकून गेला. संध्याकाळच्या आत तो आकडा कम्प्युटरवरच्या पटावर चढला. वर्ग वाचला. दर्शना मोरीत गेली आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडली. शांताबाईनं पाठीवर हात ठेवला. तिलाही पोरांचं ते सुरातलं उत्तर ऐकवेना झालं होतं.

शनिवारी वाचन झालं. चार आया आल्या, एक बाप आला. सूरजनं चित्र दाखवून गोष्ट सांगितली, समीक्षा अडखळत का होईना पानभर वाचून गेली. अकरावा धडा कुणी वाचला नाही. वर्ग सुटल्या सुटल्या दर्शनाने दाखला लिहिला, शिक्का मारला आणि तडक मुकादमाकडे गेली. साइट कुठे ते विचारून घेतलं. रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करत, कल्याण फाट्यावर तासभर ट्रॅफिकमध्ये अडकून, चार वाजता ती त्या साइटवर पोचली. मनाशी तिनं सगळं लावून ठेवलं होतं. एक दिवसाचं खोटं होतं, निभावलं. आता कागद द्यायचा, माफी मागायची, संपलं.

प्राची खोलीच्या उंबऱ्यावर धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. बाई दिसल्यावर ती उठली नाही, कारण भाऊ झोपला होता. तिनं हळूच विचारलं की वाचन झालं का. झालं म्हटल्यावर विचारलं की माझा धडा कुणाला दिला. कुणालाच नाही, असं दर्शनाने सांगितलं. पोरीनं मान हलवली आणि भावाच्या तोंडावरची माशी हाकलली.

केशरबाईनं काल, शुक्रवारीच, पोरीला साइटजवळच्या गावातल्या शाळेत नेलं होतं. कागद नव्हता, तर गुरुजी म्हणाले पहिलीत बसवतो. कागद पाहून केशरबाईचा चेहरा उजळला आणि तिनं दर्शनाचे पायच धरले. दर्शनाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. शाळा जवळच होती, आणि ते शिवराम गुरुजी शनिवारची अर्धी शाळा सुटली तरी वर्गात कम्प्युटर उघडून बसले होते, कारण ऑनलाइन माहिती भरायची तर कुठल्या मास्तराला हल्ली सुट्टी असते? मग या दोघी प्राचीला घेऊन तिकडे गेल्या.

गुरुजी सेवानिवृत्तीला आलेले, सौम्य. त्यांनी दाखला वाचला, चष्मा पुसला, कम्प्युटरवर प्राचीचं नाव घातलं आणि कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिले. पहिलीत नवीन नाव घालता येतं, त्याला मागचं काही लागत नाही, असं त्यांनी समजावलं. दुसरीत घालायचं तर जुन्या शाळेनं नोंद मोकळी करायला हवी. आणि या मुलीची नोंद कालच कोलशेतच्या पटावर बांधली गेली होती. शुक्रवार, हजर, पडताळणी झाली, अधिकाऱ्याची सही.

"बाई, काल ही मुलगी दिवसभर माझ्या पहिलीच्या बाकावर बसली होती," गुरुजी म्हणाले. "तुमच्याकडे हजर कशी?"

गुरुजींनी पुन्हा विचारलं नाही. बावीस वर्षं शिकवलेली बाई समोर मान खाली घालून बसली आहे, यातच त्यांना कळायचं ते कळलं. ते एवढंच म्हणाले की आता असं आहे, वर्षाअखेरपर्यंत नोंद सुटत नाही. पहिलीत बसू दे, मी सांभाळून घेईन. नाहीतर मग तुम्ही लेखी द्यायचं की मुलगी गुरुवारपासून तुमच्याकडे नव्हती, हजेरी चुकीची लागली. ते पत्र मी वर पाठवतो, नोंद सुटते. पण तुमच्या पटाचं काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

म्हणजे बघा कसं आलं. तिनं प्राचीचा कागद अडवला तो एकोणीस पोरांसाठी. आणि आता प्राचीला सोडवायची तर ती एकोणीस पोरं त्या रस्त्यावर लोटायची. देवानं माणसाला एवढं कैचीत धरू नये. केशरबाईला यातलं अक्षर कळत नव्हतं. ती आलटून पालटून दोघांच्या तोंडाकडे बघत होती, आणि बाईंनी कागद आणलाय तर आता अडलंय कुठे, असं तिच्या डोळ्यांत होतं. दर्शनाला वाटलं, बोलूच नये. पहिलीत बसेल, वर्षभराचा तर प्रश्न. तीनदा बसली, चौथ्यांदा बसेल. गरिबाच्या पोराला काय फरक पडतो? हा विचार तिच्या मनात आला, हे मी लपवत नाही. आला, आणि त्याची तिला इतकी किळस आली की तिनं टेबलाची कड घट्ट धरली.

प्राची मागे बाकाशी उभी होती. गुरुजींच्या टेबलावरचं पहिलीचं पुस्तक तिला दिसलं तसं तिनं ते उचललं, पहिला धडा उघडला आणि न बघता म्हणायला लागली. मोठ्यांचं भांडण चाललं की पोरं जशी स्वतःशीच काहीतरी गुणगुणतात, तसं.

"गप," दर्शना ओरडली. "बंद कर ते पुस्तक."

पोरीनं पुस्तक मिटलं. मग दर्शनाने गुरुजींकडे कोरा कागद मागितला आणि लिहिलं. कुमारी प्राची मारुती ही गुरुवारपासून आमच्या शाळेत नव्हती, शुक्रवारची हजेरी मी जाणूनबुजून खोटी मांडली, मुलांना तसं बोलायला मीच शिकवलं. गुरुजी म्हणाले की एवढं लिहायची गरज नाही, नजरचुकीनं लिहा, भागतं. दर्शनाने लिहिलेलं खोडलं नाही. खाली सही केली, तारीख टाकली. केशरबाईनं विचारलं की झालं का आता दुसरीत. झालं, गुरुजी म्हणाले.

पत्र जिथं पोचायचं तिथं पोचलं. दहाव्या दिवशी दर्शनाच्या हातात दोन लिफाफे पडले. एकात तिच्यावरची कारणे दाखवा नोटीस आणि बदलीचा हुकूम, दुसऱ्यात वर्ग बंद करून मुलांना पलीकडच्या शाळेत पाठवण्याचा. आठ दिवसांची मुदत. सुधीर डोक्याला हात लावून बसला. गावात कुणी म्हणालं बाई मूर्ख, कुणी म्हणालं बाई लबाड, दोन्ही बाजूंनी तिचीच पूजा बांधली. आयांना तिनं घरोघर जाऊन सांगितलं. एकीनंही शिव्या दिल्या नाहीत. पोरांना घरीच ठेवू म्हणाल्या, साध्या आवाजात, जसं काही भाजी संपली म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाटीपुस्तकं आतच ठेवायला लावली. शांताबाईला पुढे घातलं, स्वतः मागे राहिली, मधे दोरी आणि दोरीला धरून एकोणीस पोरं, अशी ती वरात वीस मिनिटं चालून घोडबंदर रोडला आली. आठ दिवसांत काय शिकवायचं राहिलं होतं? जोडाक्षरं राहिली होती, हातच्याची बेरीज राहिली होती. ते दुसऱ्या कुणी शिकवलं असतं. हे कुणी शिकवणार नव्हतं. सिग्नलपाशी उभं राहून तिनं लाल माणूस, हिरवा माणूस दाखवला, आकडे उलटे कसे उतरतात ते मोजून घेतलं. हिरवा झाला तशी पोरं निघाली. चार पावलं गेली आणि एक मोटारसायकलवाला उलट्या बाजूनं घुसला. समीक्षा किंचाळली, दोरी ढिली पडली, दर्शनाने पहिलीतल्या दोघांना दंडाला धरून उचललं. कशीबशी सगळी मधल्या खांबापर्यंत पोचली. तोवर आकडे संपले होते. दोन्हीकडून गाड्या सुटल्या.

खांबाला पाठ लावून ती सगळी उभी राहिली. धुळीनं डोळे उघडवत नव्हते. पोरांचे केस डंपरच्या वाऱ्यानं उडत होते, आणि शांताबाई मोठ्यानं एकवीरा आईचं नाव घेत होती. सूरजनं बाईंचा पदर मुठीत पकडला होता. त्यानं वर बघून विचारलं की बाई, आपल्या नव्या शाळेत तुम्ही आम्हाला रोज असंच न्यायला येणार ना?

दर्शनाची बदली खाडीपलीकडे मुंब्र्याला झाली होती. ती खाली वाकली, त्याची मूठ पदरातून सोडवली आणि समीक्षाच्या हातात दिली.

"हिला धरायचं," ती म्हणाली. "पदर नाही धरायचा."